लॅपटॉप वारंवार तापतोय? आधी जाळीपाशी हात धरून बघा

लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. नुसतं वाचत बसलं तरी पंखा घोंघावत राहतो, थांबायचं नाव घेत नाही. कीबोर्डच्या वरची, बिजागरीलगतची पट्टी हाताला चटका देते. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं लॅपटॉप छान चालतो, मग टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटायला लागतात, व्हिडिओ अडखळतो, गेम खेळताना चित्र तुटक दिसतं. जरा वेळ बाजूला ठेवला की पुन्हा ठीक. आणि शेवटी एक दिवस काहीही न सांगता स्क्रीन काळी होते आणि लॅपटॉप बंद. लगेच चालू करावा तर पुन्हा बंद पडतो. अर्ध्या तासाने चालू केला तर बिनतक्रार चालतो.

हे असं का होतं ते एकदा समजलं की पुढच्या तपासण्या सोप्या जातात. प्रोसेसरला एक कमाल तापमान ठरवून दिलेलं असतं. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ते ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्याच्या जवळ पोचल्यावर प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, म्हणून काम मंदावतं. वेग कमी करूनही तापमान चढतच राहिलं तर वीजपुरवठा तोडला जातो, म्हणून लॅपटॉप फटकन बंद पडतो. त्यामुळे एका दिवसाच्या उष्णतेने प्रोसेसर जळून जाण्याची शक्यता फार कमी. उष्णता खरं नुकसान करते ते हळूहळू, आणि सगळ्यात आधी बॅटरीचं. लिथियम-आयन बॅटरी सतत गरम राहिली की तिची साठवण्याची क्षमता लवकर घटते.

मंदावलेला लॅपटॉप बघून लोक रॅम वाढवतात, विंडोज पुन्हा टाकतात, नवा लॅपटॉप घ्यायचा विचार करतात, आणि उष्णतेकडे कुणाचं लक्षच जात नाही. फरक ओळखायला सोपा आहे. थंड असताना वेगवान आणि गरम झाल्यावर मंद, तर कारण उष्णता. पहिल्या मिनिटापासूनच मंद असेल तर दुखणं बहुधा दुसरं आहे आणि खालच्या बहुतेक उपायांचा उपयोग होणार नाही.

तापणं आणि जास्त तापणं यातही गल्लत होते. काही काम नसताना ४० ते ५५ अंश हे ठीक. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना किंवा जड गेम चालू असताना ८५-९० अंश आणि पंख्याचा मोठा आवाज, हेही पातळ लॅपटॉपमध्ये नेहमीचंच. त्यावर उपाय शोधत बसू नका. काहीच चालू नसताना ७० च्या वर राहत असेल, किंवा साध्या कामाला ९५ गाठत असेल, तर मात्र शोधायला हवं. आकडा बघायला विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोर टेम्प हे प्रोग्रॅम फुकट मिळतात, लिनक्सवर सेन्सर्स ही कमांड आहे. आकडा न बघता हाताच्या अंदाजाने उपाय सुरू करू नका. धातूची बॉडी असलेला लॅपटॉप हाताला जास्त गरम लागतो, कारण तो आतली उष्णता बाहेर आणत असतो. प्लास्टिकचा हाताला कोमट लागतो आणि आत भाजत असतो.

सगळ्यात आधी बॅटरी

ही तपासणी फुकट आहे, एका मिनिटाची आहे आणि ती टाळून पुढे जायचं नाही. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि कोपऱ्यांवर हलकेच दाबा. पूर्वी डुगडुगत नव्हता आणि आता डुगडुगतो का? टचपॅड वर उचललेला दिसतो का, त्याचं क्लिक घट्ट झालंय का? खालचं झाकण मधोमध फुगलंय किंवा कडेला फट पडली आहे का? यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. लगेच चार्जर काढा, लॅपटॉप वापरू नका, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, आणि तो सर्व्हिस सेंटरला न्या. फुगलेल्या बॅटरीला टोक लागलं तर ती पेट घेऊ शकते. ती घरच्या कचऱ्यातही टाकायची नसते. इथे घरच्या घरी करण्यासारखं काहीही नाही.

जाळीपाशी हात

बॅटरी ठीक असेल तर आता ही परीक्षा. माझ्या मते सगळ्या तपासण्यांमध्ये हिला तोड नाही, आणि नेमकी हीच कुणी करत नाही.

लॅपटॉपमध्ये उष्णतेची वाट अशी असते: प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा (उष्णता पुढे पोचवणाऱ्या लेपाचा) पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी, पट्टीतून निघालेली पोकळ तांब्याची नळी म्हणजे हीट पाइप, नळीच्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची रांग, आणि त्या पत्र्यांवर हवा फेकणारा पंखा. हवा बहुधा तळाच्या जाळीतून आत येते आणि मागच्या किंवा बाजूच्या जाळीतून बाहेर पडते. ही वाट कुठे तुटली आहे ते बाहेर पडणारी हवाच सांगते.

दहा मिनिटं लॅपटॉपला जड काम द्या, तापमान दाखवणारा प्रोग्रॅम चालू ठेवा आणि बाहेरच्या जाळीपासून चार बोटांवर तळहात धरा.

हवा जोरात येते आणि चांगली गरम आहे. म्हणजे वाट मोकळी आहे, पंखा आपलं काम चोख करतोय. उष्णताच जास्त तयार होतेय. दोष सॉफ्टवेअरमध्ये, सेटिंगमध्ये किंवा लॅपटॉप ठेवलेल्या जागेत शोधा. स्क्रू-ड्रायव्हरला हात लावायची गरज नाही.

पंख्याचा आवाज मोठा आहे, पण हवा जेमतेम येते आणि फार गरम आहे. पत्र्यांमध्ये धूळ अडकली आहे. दोन-तीन वर्षं वापरलेले जे लॅपटॉप माझ्यासमोर येतात त्यातले बहुतेक याच प्रकारचे.

हवा जोरात येते पण कोमट किंवा गारच आहे, आणि स्क्रीनवर आकडा मात्र ९५. म्हणजे उष्णता पत्र्यांपर्यंत पोचतच नाही. पेस्ट सुकलेली असते, तांब्याची पट्टी नीट टेकलेली नसते, किंवा क्वचित हीट पाइपच निकामी झालेली असते. अशा वेळी आणखी एक खूण दिसते: काम सुरू करताच तापमान दोन-तीन सेकंदांत ५० वरून ९५ वर उडी मारतं आणि तिथेच चिकटून राहतं. धुळीमुळे तापणाऱ्या लॅपटॉपचा आकडा मात्र काही मिनिटं घेत चढतो.

हवाच येत नाही. पंखा बंद आहे. पण त्याआधी तुमच्या मॉडेलला पंखा आहे का ते बघा. उदाहरणार्थ, २०२० च्या एम१ प्रोसेसरपासून मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही. तो गरम झाल्यावर वेग कमी करूनच भागवतो.

उत्तर मिळालं तरी खालच्या तपासण्या क्रमानेच करा. पहिल्या काहींना खर्च शून्य आहे, आणि दोन कारणं एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे.

लॅपटॉप कुठे ठेवलाय

गादी, उशी, पांघरूण, सोफा. तळाची जाळी कापडात रुतते आणि पंख्याला ओढायला हवाच उरत नाही. लॅपटॉप कडक, सपाट पृष्ठभागावर ठेवा आणि मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला. दोन सारखी पुस्तकं कडेला ठेवली तरी चालतं, फक्त जाळी झाकली जाता कामा नये. मागची जाळी भिंतीला चिकटलेली नको. एवढ्याने आकडा खाली आला तर इथेच थांबा, लॅपटॉपमध्ये दोष नाही. खोलीचं तापमानही धरा. बऱ्याच लॅपटॉपची वापराची मर्यादा भोवतालच्या ३५ अंशांपर्यंतच दिलेली असते, आणि आत जाणारी हवाच गरम असेल तर पंखा किती थंड करणार?

तासन्‌तास थेट मांडीवर ठेवून काम करत असाल तर ती सवय सोडा. सततच्या उबेने त्वचेवर जाळीदार तांबूस-तपकिरी डाग पडतात. डॉक्टर त्याला एरिथेमा अब इग्ने म्हणतात आणि ते डाग लवकर जात नाहीत.

कूलिंग पॅडबद्दल हमखास विचारणा होते. पॅडचे पंखे तुमच्या लॅपटॉपच्या तळाच्या जाळीखाली येत असतील तर काही अंशांचा फरक पडतो. आत धूळ भरलेली असेल तर पॅडने दुखणं लपतं, बरं होत नाही.

कोण राबवतंय प्रोसेसरला

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) रकान्यावर क्लिक करा, म्हणजे सगळ्यात जास्त राबवणारा प्रोग्रॅम वर येईल. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर. काही काम नसताना सीपीयूचा वापर काही टक्क्यांच्या वर टिकून राहत असेल तर कारण तिथेच सापडेल. बहुतेक वेळा ब्राउझर निघतो. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की नेमका कोणता टॅब किंवा एक्स्टेंशन राबवतंय तेही दिसतं.

मोठा अपडेट नुकताच झाला असेल तर फायलींची सूची बनवण्याचं आणि अँटीव्हायरसचं काम मागे चालू असतं. एखादा दिवस थांबा, आपोआप शांत होईल. मात्र अनोळखी नावाची प्रक्रिया रोज राबताना दिसली, किंवा टास्क मॅनेजर उघडताच पंखा शांत होतो आणि बंद करताच पुन्हा घोंघावतो, तर गुपचूप क्रिप्टो मायनिंग करणाऱ्या, म्हणजे तुमचा प्रोसेसर राबवून दुसऱ्यासाठी डिजिटल चलन कमावणाऱ्या, मालवेअरचा संशय घ्या आणि पूर्ण स्कॅन करा. काही मायनर टास्क मॅनेजर उघडलेला ओळखून तेवढ्यापुरते थांबतात.

एक सेटिंग

प्रोसेसर गरज पडली की नेहमीपेक्षा जास्त वेगाने धावतो, त्याला टर्बो बूस्ट म्हणतात. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे शेवटच्या थोड्याशा वेगासाठी फार मोठी उष्णता मोजावी लागते. उलट, तेवढा वेग सोडला तर उष्णता एकदम उतरते.

विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, मग प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट. तिथे मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ टक्के करा. बहुतेक लॅपटॉपमध्ये एवढ्याने टर्बो थांबतो आणि कमाल तापमान बऱ्याचदा दहा-पंधरा अंशांनी खाली येतं. हा पर्याय दिसत नसेल तर पॉवर मोड बेस्ट पॉवर एफिशिअन्सीवर ठेवा. लिहिणं, वाचणं, मीटिंग यात फरक जाणवणार नाही. गेम खेळणाऱ्यांनी फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ६० वर बांधून घ्यावा.

ही सेटिंग माझ्यासाठी औषधापेक्षा चाचणी म्हणून जास्त कामाची आहे. ९९ टक्के करूनही साध्या कामाला तापमान ९० च्या वर जात असेल, तर दोष नक्की हार्डवेअरमध्ये आहे असं समजून पुढे जा.

काही जण अंडरव्होल्टिंग, म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज कमी करणं, सुचवतात. २०१९ च्या डिसेंबरमध्ये इंटेलच्या प्रोसेसरमधली प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेची त्रुटी जाहीर झाल्यावर अनेक लॅपटॉपमध्ये ती सोय बंद केली गेली. तुमच्यात चालत नसेल तर त्यामागे लागू नका.

बॅगेत तापणारा लॅपटॉप

झाकण मिटून बॅगेत टाकला आणि तासाभराने काढला तर भट्टीसारखा गरम, बॅटरी निम्मी. आजचे बरेच लॅपटॉप स्लीपमध्येही नेटला जोडलेले राहतात, अपडेट ओढतात, आणि बंद बॅगेत ती उष्णता जायला जागा नसते. बॅगेत ठेवण्याआधी शटडाउन किंवा हायबरनेट (उघडलेलं काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद) करा. झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावं अशी सेटिंग एकदाच करून ठेवली की कटकट संपते.

पंखा आणि बायोस

पंख्याची घरघर, खरखर किंवा चालू करताना पंख्याबद्दल इशारा देणारा संदेश आला तर कंपनीची स्वतःची तपासणी चालवा. डेलमध्ये सुरू होताना एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडा. एचपीमध्ये एस्केप आणि मग एफ२. ही तपासणी विंडोजच्या बाहेर चालते, म्हणून सॉफ्टवेअरचा गोंधळ बाजूला राहतो. पंखा नापास झाला तर बदलायचाच. तेल घालून आठवडाभर आवाज थांबतो, पण घासलेला बेअरिंग भरून येत नाही.

बायोसचा (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅमचा) अपडेट आला असेल तर कंपनीच्या पानावरूनच घ्या, कारण पंखा कोणत्या तापमानाला किती फिरवायचा हे बऱ्याच मॉडेलमध्ये तिथेच ठरतं. चार्जर लावून ठेवा आणि अपडेट मधेच बंद पाडू नका.

धूळ: बाहेरून आणि आतून

आधी बाहेरून. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. दाबलेल्या हवेचा डबा (कॉम्प्रेस्ड एअर) उभा धरून बाहेरच्या जाळीत छोटे छोटे फवारे मारा. डबा आडवा किंवा उलटा केला तर आतला द्रव बाहेर पडतो. लाकडी काडी जाळीतून हलकेच घालून पंख्याची पाती अडवता आली तर अडवा. हवेच्या झोताने पंखा भन्नाट फिरला की बेअरिंग खराब होऊ शकतो आणि पंख्याची मोटर उलटी वीज तयार करते. तोंडाने फुंकू नका, थुंकीची वाफ आत जाते. व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीत स्थिर विद्युत साठते.

बाहेरून फवारून सुटी धूळ उडते, पण खरी अडचण आत असते. पंखा आणि पत्र्यांच्या रांगेच्या मधोमध, बाहेरून कुठूनच दिसत नाही अशा जागी, धूळ, केस आणि कपड्यांचे तंतू दाबले जाऊन राखाडी थर बनतो. पंखा उचलल्यावर तो दिसतो. चिमट्याने एका कडेला धरून ओढला की कापडाच्या फितीसारखा अख्खा निघतो, आणि त्यामागचे पत्रे अगदी नव्यासारखे चकचकीत असतात, कारण धूळ त्यांच्या तोंडाशीच अडकलेली असते. बाहेरून मारलेल्या फवाऱ्याने हा थर थोडा मागे सरकतो आणि पंखा लागला की परत जागेवर येऊन बसतो. आठ दिवसांत पुन्हा तापतोय, ही तक्रार बहुधा इथूनच येते.

आतून साफ करायचं तर आधी वॉरंटी बघा. ती चालू असेल तर उघडू नका. नसेल तर तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. डेल, एचपी, लेनोवो यांची मॅन्युअल नेटवर खुली आहेत. बॅकअप घ्या. स्लीप नाही, शटडाउन करा. झाकण काढल्यावर सर्वांत पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवणं. ते सोडवल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. स्क्रू कागदावर झाकणाचं चित्र काढून त्या-त्या जागी ठेवा. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर मदरबोर्डला किंवा कीबोर्डला भोक पडतं. पंख्याची वायर कनेक्टरला धरून काढा, तारेला धरून ओढू नका. पंखा सुटा केला की बोटाने फिरवून बघा. मोकळा, आवाज न करता फिरला पाहिजे. अडखळला किंवा हलला तर त्यावरच्या लेबलचा नंबर बघून तोच मागवा. दोन पंखे असतील तर डावा आणि उजवा बहुधा वेगळे असतात.

पेस्ट

गार हवा आणि चढा आकडा असेल, किंवा धूळ काढूनही फरक पडला नसेल, तरच इथे या. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर बहुधा धातूचं झाकण नसतं, उघडी चिप असते. पट्टी तिरकी उचलली किंवा एका बाजूने दाबली तर चिपची कड तुटते आणि मग बोर्डच गेला समजा. पट्टीवर स्क्रूंपाशी १, २, ३, ४ असे आकडे असतात. सोडवताना उलट्या क्रमाने, आवळताना सुलट्या क्रमाने, आणि प्रत्येक थोडा थोडा. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसा. नवी पेस्ट अख्खी चिप झाकेल एवढीच पातळ लावा. शेजारच्या चिपांवर मऊ रबरी पॅड असतील तर ते जपा, फाटले तर त्याच जाडीचे आणा. पॅडच्या जागी पेस्ट चालत नाही, कारण तिथे मुळात फट असते. मूळ पॅडपेक्षा अर्धाच मिलिमीटर जास्त जाड पॅड घातला तरी पट्टी प्रोसेसरवरून उचलली जाते आणि आधीपेक्षा जास्त तापायला लागतं.

पट्टी उचलल्यावर पेस्टऐवजी चंदेरी, पाऱ्यागत चमकणारा द्रव दिसला तर काम तिथेच थांबवा. तो लिक्विड मेटल आहे, काही गेमिंग लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच येतो. त्यातून वीज वाहते, त्यामुळे एक थेंब ओघळला तरी बोर्ड शॉर्ट होतो. आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला खातं.

कुठे थांबायचं

फुगलेली बॅटरी आणि लिक्विड मेटल वर आलंच. याशिवाय जळका वास, आत पाणी किंवा चहा सांडल्याचा इतिहास, चार्जरच्या पिनपाशी वितळलेलं प्लास्टिक, डोकं घासून गेलेला स्क्रू, गोंदाने चिकटवलेलं मशीन, ही सगळी तंत्रज्ञाची कामं आहेत. पेस्ट बदलली, पंखा ठणठणीत आहे आणि तरी आकडा चढा आणि जाळीतून गारच हवा येतेय, तर हीट पाइप गेली असण्याची शक्यता आहे. ती दुरुस्त होत नाही, पूर्ण हीट सिंक (पट्टी, नळी आणि पत्रे मिळून) बदलावा लागतो. प्रोसेसर थंड असताना बोर्डचा दुसराच भाग चटका देत असेल तर वीजपुरवठ्याच्या सर्किटमध्ये दोष असू शकतो, आणि तिथे मीटर हाताळता येणाराच माणूस हवा.

तंत्रज्ञाकडे जाताना तुमचे आकडे घेऊन जा: काम नसताना किती, दहा मिनिटांच्या जड कामानंतर किती, आणि जाळीतून हवा कशी येते. काम झाल्यावर त्याच्यासमोर तीच दहा मिनिटांची चाचणी पुन्हा करून घ्या. घरी आल्यावर महिन्याभराने त्याच जागी, त्याच कामाने आणखी एकदा मोजा. धूळ इतक्या लवकर साठत नाही, म्हणून तेवढ्यात आकडा पुन्हा वर चढला असेल तर पट्टी नीट आवळलेली नाही किंवा पॅड चुकीच्या जाडीचा बसवलाय असं स्पष्ट सांगा आणि तेवढंच उघडून बघायला लावा.